पावणेसोळा आणे

आमच्या गणिताच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्याही प्रश्नाला सरळ 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. "सर, आज पाऊस पडेल का?" "बारा आणे." "एसटी वेळेवर येईल का?" "दीड आणा." बरं, निदान "सर, चहा घेणार का?" या प्रश्नाला तरी माणसाने हो म्हणावं! तर "पंधरा आणे," असं म्हणायचे, आणि ते म्हणेपर्यंत हात कपाच्या कानाला लागलेलाही असायचा. रुपयाचे सोळा आणे व्यवहारातून जाऊन कैक वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी 'सोळा आणे खरं' अजून शाबूत होतं, आणि सरांनी तेवढ्या एका शब्दावर आपलं सगळं शास्त्र उभं केलं होतं. सोळा आणे म्हणजे नक्की, शून्य म्हणजे अशक्य, आणि माणसाचा सगळा संसार या दोहोंच्या मधल्या गल्लीत. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे भाभी म्हणायचो. भाभी सांगायच्या, "भावजी, निकाहाच्या टायमाला मी पडद्याआड जीव मुठीत धरून बसले व्हते. म्हनलं, ह्यो मानूस काझींना साडेपंधरा आणे म्हनून सांगतो का काय! पन तीनदा 'कबूल' म्हनले. तेवढंच काय ते नक्की बोललेत जल्मात."

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीची. मुळशीच्या तलावाचा एक फाटा डोंगरात घुसलेला आहे, त्याच्या काठावर आमची शाळा होती. शाळा म्हणजे कौलारू पाच खोल्या आणि एक घंटा. मी पुण्याहून मराठी शिकवायला तिथं गेलो होतो आणि पहिले दोन महिने रोज राजीनामा लिहीत होतो. सर मात्र इथलेच, पौडच्या बाजारपेठेतले. त्यांच्या थोरल्या भावाचं तिथं कापडाचं दुकान होतं. सरांनीही तिथं बसावं अशी घरच्यांची इच्छा होती, पण एका बाजाराच्या दिवशी ती कायमची मिटली. एका बाईंनी लुगडं पसंत केलं आणि विचारलं, "धुतल्यावर रंग जाईल का?" थोरले भाऊ म्हणाले, "छे छे, नाव नको!" तोच कोपऱ्यातून सरांचा आवाज आला, "तीन आणे जाईल." बाईंनी लुगडं खाली ठेवलं, भावाने सरांना दुकानाबाहेर ठेवलं, आणि महाराष्ट्राच्या शिक्षणक्षेत्राला एक मास्तर मिळाला.

सर कुणालाही नावाने हाक मारत नसत. मी 'मराठी', सौम्य स्वभावाचे भूगोलाचे मास्तर 'भूगोल', आणि मुख्याध्यापक 'हेडसर'. अंगात पांढरा सदरा आणि त्याच्या दोन्ही खिशांत चिंचोके. डाव्या खिशातले मोजलेले, उजव्यातले मोजायचे. वर्गात शिकवताना भाषा अगदी पुस्तकी, पण हिशेब रंगात आला की सगळी पुस्तकं गळून पडायची आणि आतला पौडचा माणूस बाहेर यायचा. "आवो मराठी, शेवट काय ते आदी बगा. शेवटचं घर ठाऊक असलं की त्याच्या मागचं सोपं. त्याच्यावरनं त्याच्या मागचं. आसं मागं मागं येत ऱ्हायचं!" हा त्यांचा मंत्र होता. मी वाचायला दिलेली कादंबरी ते शेवटच्या पानापासून सुरू करायचे आणि आठ दिवसांनी पहिलं पान वाचून "छान सुरुवात केलीय" असं म्हणून परत द्यायचे. मुलांच्या कवड्यांच्या पटावरही त्यांनी हेच केलं. शेवटच्या घरापासून मागे येत प्रत्येक घरात बारीक अक्षरात लिहून ठेवलं, की इथून सोंगटी घरी न्यायला सरासरी किती वेळा कवड्या टाकाव्या लागतील. दुसऱ्या दिवशी पाचवीतला एक मुलगा पटासमोर ढसाढसा रडताना सापडला. "सर म्हनत्यात माजं आजून एकोणीस ऱ्हायलंय!" सरांनी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, "आरं येड्या, ती सरासरी हाय. सरासरी कुणाचं काय वाकडं करत न्हाई." हे वाक्य पुढे त्यांच्याच अंगाशी आलं.

झालं असं, की आमच्या शाळेत नववीचा वर्ग नवाच निघाला होता आणि वरच्या साहेबांना तो डोळ्यांत खुपत होता. एके दिवशी पत्र आलं. येत्या पंधरवड्यात कधीही, न कळवता, तपासणी होईल. त्या दिवशी नववीत किमान वीस मुलं हजर दिसली तर वर्ग चालू राहील, नाहीतर बंद करून मुलांची नावं पौडला घातली जातील. पटावर सत्तावीस मुलं होती. गावातली अठरा आणि तलावाच्या पलीकडच्या वाडीवरची नऊ. गावातली मुलं एक वेळ पौडला गेली असती. पण पलीकडच्या नऊ जणांना आधी होडी, मग चाल, मग एसटी. त्यांचं शिक्षण त्या पत्राबरोबरच संपणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या नवांत सुभद्रा नावाची एक मुलगी होती. तिच्यासारखी गणितातली बुद्धी मी तरी दुसरी पाहिली नाही. सर तिची वही तपासत नसत, वाचत असत. "ही पोरगी कॉलेजात जानार," असं ते मला म्हणाले होते. "किती आणे?" मी चेष्टेने विचारलं. तर सरांनी तिची वही मिटली. मग हळूच म्हणाले, "त्ये न्हाई काढलं."

हेडसरांनी कपाळाला हात लावला, भूगोलाने नकाशाची गुंडाळी केली, मी जुन्या राजीनाम्यांतला बरासा एक शोधून ठेवला. आणि सर? सरांच्या अंगात वारं संचारलं! "हेडसर, घाबरायचं न्हाई. वीस येतील का न्हाई, ह्ये काढता येतं!" त्यांनी हजेरीपत्रक काखोटीला मारलं आणि प्रत्येक मुलगा शंभरातले किती दिवस येतो ते मोजलं. गावातली मुलं नव्वद दिवस, वाडीवरची ऐंशी. सरासरी तेवीस पूर्णांक चार मुलं. इथवर ठीक. पण सरासरी तेवीस असली तरी नेमक्या त्या दिवशी एकोणीसच आली तर? मग सरांनी ठरवलं, की सत्तावीसांतली कोणती वीस येतील याच्या सगळ्या तऱ्हा लिहून काढायच्या. तीन वह्या भरल्यावर भाभींनी विचारलं, "आजून किती ऱ्हायल्या?" सरांनी तेव्हा कुठे हिशेब केला. एकूण तऱ्हा आठ लाख अठ्ठ्याऐंशी हजार तीस. आणि या फक्त वीसच्या. एकवीस, बावीसच्या वेगळ्याच. भाभींनी वह्या चुलीजवळ नेऊन ठेवल्या.

मग आला तो रविवार. सकाळी मी अंघोळीचं पाणी तापवत होतो, एवढ्यात सर धावत आले. "मराठी! समदी पोरं येकदम मोजायचीच न्हाईत! येक येक पोरगं घ्यायचं!" मला हाताला धरून ते नववीच्या वर्गात घेऊन गेले. नुकतीच चुना मारलेली मागची भिंत होती. सरांनी कोळशाने तिच्यावर जाळी आखली होती. एकाखाली एक सत्तावीस ओळी, एका मुलाची एक, आणि आडवे खण शून्यापासून सत्तावीसपर्यंत. एका खणात एकच गोष्ट लिहायची, इतक्या मुलांपैकी इतकी हजर असण्याची आशा किती. "आता बगा. दहा पोरांतली आठ हजर, ह्ये दोनच वाटांनी हुतंय. न्हाईतर न्हाईच. येक तर नऊ पोरांतली सात आलीवती आन् दहावं बी आलं. न्हाईतर नवांतली आठ आलीवती आन् दहावं घरी ऱ्हायलं. म्हंजे वरच्या ओळीतल्या दोन खणांवरनं खालचा येक खण! आठ लाख लिवायची गरज काय? दिवाळीच्या फराळासारखं हाय, काल केलेलं आज परत करायचं न्हाई, डब्यातनं काढायचं!" संध्याकाळपर्यंत भिंत काळी झाली, सर तिच्याहून काळे झाले, आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या बेरजेखाली त्यांनी जाड रेघ ओढली. शंभरात अठ्ठ्याण्णव. "पावणेसोळा आणे!" सर ओरडले आणि त्यांनी मला मिठी मारली. माझा एकुलता एक धुतलेला सदरा कामातून गेला. परवा माझ्या भाच्याने, तो हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मला सांगितलं की या युक्तीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग असं भारदस्त नाव आहे. असेल. आमच्याकडे तिला भिंत म्हणत.

सोमवारी हेडसरांनी ती भिंत पाहिली, पावणेसोळा आणे ऐकले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. नववीची मुलं आपापली ओळ शोधून भिंतीपुढे गर्दी करत होती. सुभद्रा मात्र मागे उभी राहून बराच वेळ नुसती बघत होती. मग ती म्हणाली, "सर, ह्यात आमची नऊ नावं सुटी सुटी का हायेत?"

"मग कशी असावीत?" सरांनी पुस्तकी भाषेत विचारलं.

"आमी सुटं येतच न्हाई. येतो तर नऊबी येतो, न्हाई तर येकबी न्हाई. समदी आल्याबिगर तात्या होडी सोडत न्हाईत."

 सरांनी हजेरीपत्रक उघडलं. त्यातली नावं दाखल्याच्या तारखेप्रमाणे होती, त्यामुळे वाडीवरची नऊ मुलं पानभर विखुरलेली होती. सरांनी प्रत्येक नाव धरून आडवं आडवं मोजलं होतं. आता ते पहिल्यांदा उभं, एकेका तारखेखाली बोट धरून पाहू लागले. ज्या दिवशी एकाचं गैर, त्या दिवशी नऊंचं गैर. पाचापैकी एक दिवस, न चुकता, पलीकडचा काठ कोराच्या कोरा. सर मटकन बाकावर बसले. मला वाटलं, संपलं. पण पुढच्याच क्षणी ते स्प्रिंगसारखे उठले, त्यांनी सुभद्रेच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे वळून ओरडले, "मराठी! सरासरी हलली न्हाई! तेवीस पूर्णांक चार व्हती, तेवीस पूर्णांक चारच हाय! आन् वर्ग पावणेसोळा आण्यांवरनं पावणेतेरावर आला! होडी आली तर ऱ्हायला, न्हाई आली तर गावातली अठराच्या अठरा येऊनबी गेला!" मी भीतभीत विचारलं, की हे चांगलं आहे का वाईट. "वाईट! लई वाईट!" सरांचे डोळे चमकत होते. "पन काय देखनं हाय, बगा की!" आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. दिवसभर ते भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या सुभद्रेनं माजी भिंत पाडली!"

दुपारी सर आणि मी होडीने पलीकडे गेलो. तात्या वल्ही मारता मारता आमचं ऐकत होते आणि मान हलवत होते. "त्ये काय जमायचं न्हाई, सर. मागं येक डाव येक पोरगं मागं ऱ्हायलं. होडी गेली म्हनून काठाकाठानं पळत सुटलं आन् गाळात रुतलं. गळ्यापतुर. आमी पोचलो म्हनून वाचलं. तवापास्नं वाडीनं ठरिवलंय, समदी असली तरच दोर सोडायचा. कोन येनार न्हाई आन् कोन मागनं पळत येनार, ह्ये मला काय कळावं?"  गाळात रुतलेल्या पोराचे आणे काढायला सरांचं मन होईना. होडी काठाला लागेपर्यंत ते पाण्याकडे बघत बसले. मग वाडीवरच्या बायका जमल्या, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा नेम मोडायचा न्हाई. पन त्याला येक ठिगळ लावू. ज्याला यायचं न्हाई, त्यानं सोता काठावर यायचं आन् हात वर करायचा. म्हंजे तात्यांस्नी कळंल, ह्यो मागनं पळत येनार न्हाई. मग होडी सोडायची."

"आन् पोरगं तापानं फनफनलं असंल तर?" एक म्हातारी म्हणाली.

"तर त्याच्या आईनं हात वर करायचा."

म्हातारीने तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी तलावाकडे पाहिलं. "हात दिसला तर सोडीन," ते म्हणाले. येताना सर होडीत उभे राहून आनंदाने इतके हलत होते की तात्यांनी त्यांना दमात घेऊन खाली बसवलं. "परत पावणेसोळा, मराठी! येका हातात तीन आणे!"

आणि मग तो गुरुवार उजाडला. सकाळी नववीत डोकावलो तर गावातली मुलं फक्त बारा. गावात एका घरी हळद होती आणि त्या भावकीतली आमच्या वर्गातली सहाच्या सहा मुलं अंगाला हळद फासून तिकडे बसली होती. सर दारात उभे राहून भिंतीकडे बघत पुटपुटले, "लगीनघर! परत गठ्ठा! ह्ये बी भिंतीवर न्हवतं!" तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. साहेब उतरले. हेडसर मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखे घामाघूम होऊन सामोरे गेले. मी आयुष्यात एकच पराक्रम केला आहे, तो त्या दिवशी. साहेबांना मी मुलांचं हस्तलिखित दाखवायला बसवलं आणि त्यातली एकेक कविता चालीवर म्हणून दाखवली. साहेब सज्जन होते, चौथ्या कवितेपर्यंत टिकले. माझं सगळं लक्ष खिडकीबाहेर सरांच्या पाठीकडे होतं. सर काठावर उभे होते. पलीकडून होडी सुटली की नाही ते मला दिसत नव्हतं. मग पाठीमागे धरलेली सरांची बोटं एकेक करून मिटू लागली. एक, दोन, तीन. आठव्या बोटाशी ती थांबली.

बारा आणि आठ, वीस! साहेबांनी मुलं दोनदा मोजली, एकदा बाकाखालीही वाकून पाहिलं, आणि वहीत वीस लिहून सही केली. जीप वळणाआड गेली तेव्हा हेडसर खुर्चीत बसून चक्क रडत होते. सर धावत आले. "नेमके वीस! शंभरात जेमतेम चार येळा हुतंय ह्ये, मराठी! चार!" असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज बदलला. "नववी सुभद्रा हाय. आईला ताप भरला म्हनून ऱ्हायली. काठावर पळत आली आन् हात वर केला. होडी हितं लागंस्तवर केलेला हात खाली आनला न्हाई पोरीनं." आम्ही दोघे काठावर गेलो. पलीकडे वाडीची वाट रिकामी होती. तरी सरांनी हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.  हजेरीपत्रकात सुभद्रेच्या नावापुढे त्या दिवशी 'गैर' असं आहे. सरांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

त्यानंतर आमच्या शाळेत ती रीतच पडली. सहलीला येणार नसेल, खेळात उतरणार नसेल, त्याने समोर येऊन हात वर करायचा, म्हणजे बाकीच्यांनी निघायचं. पुढच्या वर्षी दहावी निघाली, सुभद्रा पास झाली, पुण्याला शिकायला गेली आणि गणिताचीच मास्तरीण झाली. माझी बदली झाली. शाळेला पुन्हा चुना लागला तेव्हा भिंत पांढरी झाली, पण म्हणतात की पावसाळ्यात ओल आली की कोळशाच्या रेघा अजून वर येतात.

सरांच्या आजाराचं मला भाभींनी कळवलं, तेव्हा मी पौडला गेलो. सर फार वाळले होते. खिडकीत चिंचोक्यांचा डबा होता, पण त्यावर धूळ होती. तासभर बोललो, म्हणजे मी बोललो. निघताना मला राहवलं नाही. म्हणालो, "सर, पावसाळ्यापर्यंत बरे व्हाल ना?" मी मनातल्या मनात आण्यांची वाट पाहत होतो. चार म्हणाले असते तरी मी धरून बसलो असतो. सरांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि म्हणाले, "व्हय, मराठी."

सुरुवातीला मी जी शपथ घेतली, ती तेवढ्यापुरती खोटी आहे. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा भाभी पदराने डोळे टिपत होत्या आणि सरांनी पांघरुणातून हात वर केला होता. मी एसटीत बसेपर्यंत तो खाली आला नसावा.